जिग हेडवरची फ्लाय उलटी बांधावी लागते

मा. संपादक,

स. न. वि. वि.

छंदांविषयीच्या आपल्या सदरात जिग हेडवर फ्लाय कशी बांधावी, यावरचा लेख वाचला. फ्लाय म्हणजे पिसे आणि केस दोऱ्याने गळावर बांधून केलेले मासेमारीचे आमिष, आणि जिग हेड म्हणजे नेढ्यापाशी धातूचा गोळा असलेला गळ. पिसे, केस आणि दोरे पसरून तासन् तास बसणाऱ्या आमच्यासारख्यांची दखल वर्तमानपत्रे फारशी घेत नाहीत, त्यामुळे आधी आभार. पण फ्लायचा कुठलाही आवडता नमुना जसाच्या तसा जिग हेडवर चढवता येतो, अशा अर्थाचे एक वाक्य लेखात आहे. ते वाचून राहवले नाही. जसाच्या तसा चढवता येत नाही, आणि तो का येत नाही हेच तर नवशिक्याला आधी सांगायला हवे.

साध्या गळाचे नेढे साधारण दांडीच्या रेषेत असते. तो पाण्यात टोक खाली ठेवून चालतो. जिगच्या गळाची दांडी मात्र नेढ्याच्या अलीकडे वाकवलेली असते, काही गळांत साठ अंशांत, काहींत नव्वद. हा वाक टोकाच्याच दिशेला असतो आणि वाकलेल्या भागाभोवती धातूचा गोळा असतो. दोरी नेढ्यातून वर ओढते, वजन खाली लोंबते आणि अख्खा गळ पालथा होऊन टोक आभाळाकडे जाते. जिगचा सगळा फायदा याच पालथेपणात आहे. तळाच्या दगडगोट्यांवरून ओढताना टोक वर राहते म्हणून अडकणे कमी होते आणि मासा लागला तर गळ बहुधा वरच्या जबड्यात बसतो.

आता लहान माशाची नक्कल असलेला एखादा नमुना घ्या. पाठ गडद, पोट पांढरे. खऱ्या माशांची रंगसंगतीही बहुधा अशीच असते. वरून पाहणाऱ्याला गडद पाठ तळाच्या रंगात मिसळते, खालून पाहणाऱ्याला फिके पोट उजेडात विरते. साध्या गळावर गडद केस दांडीच्या वरच्या अंगाला बांधतात. तेच केस जिग हेडवर त्याच जागी बांधले, तर पाण्यात गेल्यावर ते पोट होतात आणि पांढरे केस पाठीवर येतात. असा मासा पाण्यात दिसला, तर तो मेलेलाच असायचा. उलट्या रंगावर मासा कधीच येणार नाही असे माझे म्हणणे नाही. मासे आपल्याइतके चिकित्सक नसतात. पण दोन रंग वापरण्याचे कष्ट घेतलेच आहेत, तर ते योग्य अंगाला असावेत, एवढेच. जिगवर गडद रंग टोकाच्या बाजूला हवा.

हे काही माझे संशोधन नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी 1987च्या सुमारास सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बास या माशासाठी जो नमुना तयार केला, त्यात हेच तत्त्व आहे. त्यांनी डंबेलच्या आकाराचे जड डोळे दांडीच्या वरच्या अंगाला बांधले. वजन वर आल्यामुळे गळ पाण्यात पालथा होतो. मग त्यांनी पांढरे केस दांडीच्या एका अंगाला आणि गडद केस टोकाच्या अंगाला घेतले. आज जगभर ‘क्लाउझर मिनो’ म्हणून तो ओळखला जातो. हे नाव फ्लाय-मासेमारीवर लिहिणाऱ्या लेफ्टी क्रेह यांनी दिले. ज्याला जिगवर बांधायला शिकायचे आहे, त्याने आधी साध्या गळावर दोन-चार क्लाउझर बांधून पाहावेत. कुठले अंग कुठे जाते ते डोक्यात पक्के बसते.

याउलट ‘वुली बगर’ घ्या. तो 1967 साली रसेल ब्लेसिंग यांनी बांधला, तेही पेनसिल्व्हेनियाचेच. शेपटीला मॅराबू हे मऊ, भुरभुरीत पीस, अंगाला शेनिल हा लवदार धागा आणि त्यावर गोल गुंडाळलेले हॅकलचे, म्हणजे कोंबड्याच्या मानेचे पीस. याला पाठ नाही, पोट नाही, सगळीकडून सारखाच. तो खरोखरच जसाच्या तसा जिगवर जातो. लेखकमहाशयांनी बहुतेक वुली बगरच बांधून पाहिला असावा आणि तेवढ्यावरून सगळ्या नमुन्यांना मोकळीक देऊन टाकली असावी. पाठीवर पंखांचा कोश दाखवणाऱ्या निंफला, म्हणजे पाणकिड्याच्या पिलाची नक्कल असलेल्या नमुन्याला, हा न्याय लावून चालत नाही. तिथे कोशही टोकाच्याच अंगाला घ्यावा लागतो.

बांधताना मी शेपटी आणि अंग नेहमीसारखे, टोक खाली ठेवून बांधते आणि पाठीची वेळ आली की गळ शेगड्यात, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या पकडीत, फिरवून टोक वर घेते. फिरता शेगडा असेल तर तो नुसता फिरवायचा, नसेल तर गळ काढून पुन्हा पकडायचा. टोक वर आले की दोरा त्याला घासून तुटतो, म्हणून इथे घाई नको. आणि टोकाच्या अंगाचे केस विरळच घ्यावेत. चार केस टोकाभोवती असले तर शेवाळ आणि काड्या अडकण्याला थोडा आडोसा होतो. दाट जुडगा बांधला की मासा केस चावतो आणि टोक त्याच्या तोंडाला लागतच नाही.

विरळपणाचा विषय निघालाच आहे, तर लेखात ज्याचा उल्लेखही नाही ते सांगते. जिगवरची पिसे ही नुसती सजावट नसते, ती बुडण्याचा वेग ठरवतात. माझ्या भाच्याने एकदा दोन जिग आणून दाखवले. दोन्हींवर सारखेच हेड, औंसाचा बत्तिसावा भाग, म्हणजे सुमारे 0.9 ग्रॅम. “मावशी, वजन तेच, मग हा तरंगत का जातो?” म्हणाला. एकावर मॅराबूचे जवळजवळ अख्खे पीस होते, दुसऱ्यावर जेमतेम चिमूटभर. पिसांचा पाण्याला अडथळा होतो, छत्री उघडून पाण्यात ढकलावी तसा. पुष्कळदा मासा जिग ओढताना नव्हे, तर तो खाली पडत असताना घेतो. मासे मध्यावर असतील तर हळू पडणारा हवा, तळाशी असतील तर झटकन जाणारा. त्यामुळे हेड आणि पिसे यांचा विचार एकत्रच करावा लागतो. हेड दुप्पट जड, म्हणजे सुमारे 1.8 ग्रॅमचे घेतले आणि पिसेही तशीच वाढवली, तर जड हेडचा फायदा पिसे खाऊन टाकतात. भाच्याचा तो तरंगणारा जिग उथळ, संथ पाण्यात उत्तम चालला असता. तो मात्र त्याला खोल डोहात घेऊन गेला होता.

मॅराबू कोरडे असताना भरघोस दिसते आणि भिजले की काडीसारखे होते. म्हणून शेपटी बांधल्यावर बोटे ओली करून तिच्यावरून फिरवावीत. पाण्यात काय दिसणार ते तेव्हा कळते. लांबी साधारण दांडीएवढी ठेवावी. लांब शेपटीचे टोक मासा नुसते खुडून जातो, शिवाय ती गळाच्या बाकाला गुंडाळते. जास्तीची लांबी कात्रीने कापू नये, नखांनी खुडावी. कात्रीने कापलेली शेपटी ब्रशसारखी सपाट दिसते आणि पाण्यात तशी हलत नाही.

दोऱ्याबद्दल बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे. माझी सगळी नोकरी धाग्याच्या कारखान्यात तपासणी विभागात झाली. डेनिअर म्हणजे 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, हे आम्ही झोपेतही सांगत असू. छोट्या ट्राउटच्या फ्लायसाठी वापरतात तो 70 डेनिअरचा दोरा जिगवर पुरा पडत नाही, कारण हेडच्या मागे केस घट्ट आवळायला चांगला ताण द्यावा लागतो. 140 घ्यावा, हरणाच्या शेपटीचे केस बांधायचे तर 210. लेखात रंगाविषयी एक परिच्छेद आहे, जाडीविषयी शब्दही नाही. दोरा तुटला की नवशिक्याला वाटते आपलाच हात जड. तसे नसते.

गाठीचेही तसेच. नव्वद अंशांच्या हेडला बांधलेली गाठ नेढ्यात पुढे सरकली की जिग नाक वर करून लटकतो. दर वेळी मासा काढल्यावर ती बोटाने मागे, मधोमध आणावी. जिग आडवा लटकला पाहिजे.

फ्लाय रॉडने, म्हणजे फ्लाय फेकायच्या खास काठीने, असे जिग फेकावेत का, हा वाद मी इथे घालत नाही. फ्लाय रॉड जाड लाइनच्या, म्हणजे दोरीच्या, वजनावर फेकतो, जिग स्वतःच्या वजनावर जातो. त्यामुळे हलक्या मण्याएवढी हेड फ्लाय रॉडला, जड हेड स्पिनिंग रॉडला, म्हणजे आमिषाच्या वजनावर फेकणाऱ्या काठीला, हे सरळ आहे.

एका सल्ल्याला मात्र माझी सक्त हरकत आहे. हेडमागची काटेरी कॉलर पिसे बांधताना आड येते, म्हणून ती कानशीने घासून काढा, असे लेखात सुचवले आहे. ती कॉलर शिशाची असते. ती घासली की शिशाची बारीक पूड टेबलावर पडते, हाताला लागते, श्वासातून जाते. घरात लहान मुले असतील तर हे अगदीच नको. कॉलर नसलेली हेड्स मिळतात, ती घ्यावीत; आणि शिशाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

पक्ष्यांचा प्रश्न वेगळा. तुटून पाण्यात राहिलेली शिशाची वजने आणि जिग लून, हंस असे पाणपक्षी गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनने 1987 साली 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. छऱ्यासारखी अगदी बारीक वजने तेवढी वगळली. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत 50 ग्रॅमपेक्षा हलकी शिशाची वजने आणि जिग चालत नाहीत. पर्याय आहेत. शिशाची घनता 11.3, टंगस्टनची 19.3. म्हणजे तेवढ्याच वजनाचे टंगस्टनचे हेड आकाराने बरेच लहान होते आणि लवकर बुडते. ते महाग असते आणि 3400 अंशांच्या वर वितळते, त्यामुळे घरी ओतण्याचा प्रश्नच नाही. कथील 232 अंशांना वितळते, पण त्याची घनता 7.3 असल्यामुळे त्याच वजनाचे हेड फुगीर होते. बारीक गळावर असे हेड टोकासमोरची मोकळी जागा अडवते, म्हणून कथील घेताना गळ एक माप मोठा घ्यावा लागतो आणि मग शेपटीही त्या दांडीच्या हिशेबाने. लेखमालेच्या पुढच्या भागात नमुन्यांचे तक्ते येणार आहेत, असे आपण म्हटले आहे. त्यात प्रत्येक हेडच्या वजनाशेजारी ते कोणत्या धातूचे आहे तेही छापावे.

कळावे,
आपली एक वाचक