सोडताना सावकाश

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी तुमच्याशी बोलायचंय. टीव्हीवर बघून तुम्ही भराभर कपालभाती करता असं आई म्हणाली. ती आजपासून बंद करा. हठयोगात कपालभाती मुळात प्राणायाम नव्हेच, षट्कर्मांतली शुद्धिक्रिया आहे. दर झटक्याला पोटातला दाब वाढतो, म्हणून रक्तदाब, हर्निया किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी ती करू नये. भात्यासारखा जोरात श्वास घेत-सोडत करायची भस्त्रिकाही नको. करताना गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, ती शक्ती चढल्याची खूण नाही. जोरात श्वास फेकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात.

तुम्हा दोघांना अनुलोम-विलोम पुरे. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे दुमडायचं. अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर. डावीने श्वास घ्या, उजवीने सोडा. उजवीने घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन. घेताना मनात ४ मोजा, सोडताना ६. मध्ये श्वास कोंडून धरायचा नाही, रक्तदाबात कुंभक नकोच. एका आवर्तनाला २० सेकंद लागतात. पहिले आठ दिवस ६ आवर्तनं करा, मग हळूहळू १५ पर्यंत जा, म्हणजे पाच मिनिटं होतील. डाव्या हाताच्या पेरांवर मोजा. ४-६ ने दम लागला तर ३-४ करा. खरा गुण सोडण्यात आहे: श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते, म्हणून सोडणं लांबवलं की जीव शांत होतो. रात्री झोप चाळवली तर अंथरुणात नाकाला हात न लावता नुसतं ४-६ मोजलं तरी चालतं.

चुका कुठे होतात सांगते. नाक चिमटीत धरू नका, मऊ भागाला बोट नुसतं टेकवा. खांदे वर जाता कामा नयेत. एक हात बेंबीवर ठेवून बघा: श्वास घेताना पोट बाहेर आलं पाहिजे, पुष्कळजण ते नेमकं आत ओढतात. एक नाकपुडी जड वाटली तर घाबरू नका, दर काही तासांनी बाजू आपोआप बदलते. फारच बंद असेल तर थोडा वेळ विरुद्ध कुशीवर पडा, वरची मोकळी होते.

आई, गुडघे दुखत असताना मांडीचा हट्ट नको. लाकडी खुर्ची घे. प्लास्टिकच्या खुर्चीत कंबर खचते, पोट दबतं आणि श्वासपटलाला खाली उतरायला जागा राहत नाही. पाय टेकत नसतील तर खाली पाट घे.

जागा पडवीतलीच बरी. पावसात माजघराच्या भिंतींना ओल येते, तिथे खोल श्वास घेतला तर बुरशीच आत जाणार. न्हाणीची चूल पेटायच्या आधी आटपा, उदबत्तीही मागाहून लावा. जेवणानंतर तीन तास जाऊ देत, चहानंतर अर्धा तास.

शेवटी ५ वेळा भ्रामरी. कानात बोट खुपसायचं नाही, कानाच्या भोकापुढचा लहानसा उंचवटा हलकेच दाबायचा आणि ओठ मिटून, दात सुटे ठेवून सोडत्या श्वासाबरोबर 'म्' घुमवायचा. २००२ साली स्वीडनमध्ये मोजलं तेव्हा असं गुणगुणताना नाकातून नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे सायनसमध्ये तयार होणारा वायू, नेहमीच्या जवळपास १५ पट निघालं. म्हणजे सायनसमधली हवा चांगली खेळती होते. कान दुखत असेल त्या दिवशी सोडून द्या.

शीतलीचं, म्हणजे जीभ नळीसारखी वळवून तोंडाने श्वास घ्यायच्या प्राणायामाचं, आईने विचारलं होतं. जिभेवरचा ओलावा उडाला की गार वाटतं, पण आपल्याकडच्या दमट हवेत तो फारसा उडतच नाही. पावसाळ्यात तर नकोच.

गोळ्या मात्र एकही चुकवायची नाही, बाबा. आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी, पाच मिनिटं स्वस्थ बसून रक्तदाब मोजा आणि कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहून ठेवा. रविवारी फोन करीन तेव्हा आकडे वाचून दाखवा.

तुमची लेक