हरित विजेचा पर्याय बिलावर छापावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'घरावर सौरऊर्जा बसवा' असे आवाहन हल्ली सगळीकडून होते; पण ज्याला स्वतःची गच्चीच नाही त्याने काय करावे, हे कोणी सांगत नाही. मुंबईच्या उपनगरातील आमच्या सोसायटीत 24 बिऱ्हाडे आहेत आणि गच्ची एकच, तीही निम्मी पाण्याच्या टाक्यांखाली आणि त्यांच्या सावलीत गेलेली. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. आम्ही टेप लावून मोजले, तेव्हा जेमतेम पाच किलोवॉटची सोय होईल इतकीच जागा निघाली. किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तर लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामाईक बिलाचा भार बराच हलका होईल. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18 हजार रुपये अनुदानही मिळते, तेव्हा ते काम आम्ही करणारच आहोत. परंतु घरोघरच्या मीटरचा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्यासाठी दुसरा मार्ग आहे आणि तो महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2021 मध्येच खुला केला आहे. नेहमीच्या दरावर युनिटमागे 66 पैसे जादा भरून आपली सगळी वीज अक्षय स्रोतांतून, म्हणजे ऊन-वाऱ्यासारख्या न संपणाऱ्या साधनांतून (हीच हरित वीज), घेण्याची मुभा आयोगाने तेव्हा ग्राहकाला दिली. महिन्याला 200 युनिट जाळणाऱ्या घराला त्या दराने 132 रुपये जास्त पडले असते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही हे जमण्यासारखे आहे, कारण त्यात ना गच्ची लागते, ना सुरुवातीला मोठी रक्कम. मी वीज कार्यालयात याची चौकशी केली, तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने मला सौर पॅनेलचा अर्ज दिला आणि गच्चीच्या मालकीचा कागद आणायला सांगितले. दोष त्या बिचाऱ्याचा नाही. त्यालाच कोणी सांगितलेले नव्हते.

हा पर्याय निवडणाऱ्याने एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. घरात येणारी तार तीच राहते आणि तिच्यातून कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची वीज एकत्रच येते. जादा पैशांच्या बदल्यात मिळते ती हमी, की आपण वापरली तितकी वीज कंपनी सौर किंवा पवन प्रकल्पांकडून विकत घेईल. मात्र प्रत्येक वितरण कंपनीवर अक्षय ऊर्जेचा ठरावीक वाटा खरेदी करण्याचे कायदेशीर बंधन आधीपासूनच आहे. माझ्या पैशांतून घेतलेले युनिट त्या बंधनातच मोजले जाणार असतील, तर मी कंपनीचेच कर्तव्य माझ्या खिशातून पार पाडतो आहे. ते त्याखेरीज असतील, तरच माझ्या 132 रुपयांनी वाऱ्याची किंवा उन्हाची वीज वाढली असे म्हणता येईल. माझ्या मते सगळी निवड या एका मुद्द्यावर ठरते.

स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क हे सगळे बिलावर ओळीने छापलेले असते. त्यांच्याखाली हरित विजेचा चालू जादा दर, ती सुरू किंवा बंद करण्याची रीत, ती कोणत्या प्रकल्पांतून घेतली जाते आणि तिचे युनिट कंपनीच्या बंधनकारक वाट्यात धरले जातात की नाही, एवढा मजकूर सोप्या मराठीत छापण्याचा आदेश आयोगाने सर्व वितरण कंपन्यांना द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वीजग्राहक, मुंबई उपनगर