पायांचं सांगितलं, डोळ्यांचं का नाही?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत मणक्याच्या ऑपरेशनवरचा लेख वाचला. मोठ्याने वाचला, कारण आमच्याकडे सकाळचा चहा झाला की मी पेपर वाचते आणि आमचे हे ऐकतात. आता भीती नको, दुसऱ्या दिवशी चालायला लागाल अशा अर्थाचा मथळा. तो वाचून मी थांबले तर हे म्हणाले, "थांबलीस का, पुढचं वाच." रक्त जातं, इन्फेक्शन होऊ शकतं, क्वचित पायात कमजोरी येते, सगळं दिलंय तुम्ही, पण ह्या ऑपरेशननंतर क्वचित नजरही जाते, त्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून हे पत्र.

ह्यांचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी नाशिकमधेच झालं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, मला भांडायचं नाहीये. कमरेत नस दबलेली, कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जायचं तर वाटेत दोनदा बसावं लागायचं, त्यामुळे ऑपरेशन उगाच करायला लावलं असं मी आजही म्हणणार नाही. स्क्रू-रॉड टाकायचे होते. चार तास म्हणाले, सात लागले, मुलगा रक्ताच्या तीन पिशव्या घेऊन आला. आणि एवढा सगळा वेळ माणूस पालथा.

बाहेर आणलं तेव्हा तोंड इतकं सुजलेलं की मी क्षणभर ओळखलंच नाही, पापण्या फुगलेल्या, डोळ्यांत मलम. संध्याकाळी म्हणाले धूसर दिसतंय. सिस्टर म्हणाली काका मलमाने तसं होतं, सूज उतरली की दिसेल, आणि मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारतात, किती वाजले गं, आणि घड्याळ समोरच्या भिंतीवर, चांगलं ताटाएवढं. माझ्या पोटात गोळाच आला.

डोळ्यांचे डॉक्टर आले तिसऱ्या दिवशी. तपासून म्हणाले पडदा तर नॉर्मल दिसतोय. त्यावर एका ज्युनिअर डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, काकांना घरी काही टेन्शन आहे का. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधे ३६ वर्षं छापलेल्या शीटवरची बारीकसारीक चूक पकडणारा माणूस, तो न दिसण्याचं सोंग आणेल का हो? नंतर कळलं की डोळ्यामागची नस आतल्या बाजूला मार खाते तेव्हा सुरुवातीला पडदा चांगलाच दिसतो, फिकेपणा काही आठवड्यांनी येतो. तसा तो आला. उजवा डोळा पूर्ण गेला, डाव्याने खालच्या बाजूचं थोडंफार दिसतं.

माझा भाचा भूलतज्ज्ञ होतोय, त्याने मला बसवून सगळं समजावलं. तासन् तास पालथं, त्यात रक्त गेलेलं, ब्लड प्रेशर उतरलेलं, डोळ्यांमागे सूज, अशात नसेला पुरेसं रक्त पोचत नाही असं मानतात. उशीचा डोळ्यावर दाब येऊन पडद्याची रक्तवाहिनी बंद होते तो वेगळा प्रकार, पण दाब नसतानाही हे होतं. २००६ साली अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी मणक्याच्या ऑपरेशननंतर नजर गेलेल्या ९३ जणांची माहिती छापली, त्यातल्या ८३ जणांची नसच गेली होती, आणि त्या ८३ पैकी ९६ टक्के लोकांत एक तर लिटरभर किंवा जास्त रक्त गेलेलं नाहीतर भूल सहा तास किंवा त्याहून जास्त. त्याच वर्षी त्यांच्या संघटनेने सूचनाही काढल्या, की ऑपरेशन लांबणार, रक्त बरंच जाणार असं दिसत असेल तर पेशंटला आधी सांगायचा विचार करा, डोकं हृदयाच्या पातळीला किंवा वर ठेवा, शुद्धीवर आला की नजर तपासा. म्हणजे हे काही काल लागलेले शोध नाहीत.

हजारात एखाद्याला होतं, कधी त्याहूनही कमी, हे मान्य. पण पायांचं सांगितलं होतं ना? पाय लुळे पडू शकतात हे मोठ्या डॉक्टरांनी स्वतः दोनदा सांगितलं, त्याबद्दल मी त्यांचे आभारच मानते. सही घेतली सकाळी साडेसहाला, कागद इंग्रजी, माझ्या एका हातात ह्यांची कवळी आणि घड्याळ. ऑपरेशननंतर दर तासाला कुणीतरी येऊन काका अंगठा हलवा, पाय उचला म्हणत होतं. ही बोटं किती, एवढं एकानेही विचारलं नाही. ओळखीचे एक वकील म्हणाले की सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या निकालाप्रमाणे फार लांबचे धोके सांगायलाच हवेत असं नाही. असेल तसं, मला कोर्टात जायचंच नाहीये.

आधी सांगितलं असतं तरी आम्ही ऑपरेशन केलंच असतं. पण दोन टप्प्यांत जमेल का हे तरी विचारलं असतं, आणि पहिल्या संध्याकाळी हे धूसर म्हणाले तेव्हा मी मलमावर विश्वास ठेवून गप्प बसले नसते. नजर नक्की वाचली असती असं म्हणत नाही, ह्याला खात्रीचं औषध नाही हेही भाच्याने सांगितलंय, पण रक्त कमी आहे का, प्रेशर उतरलंय का, एवढं तरी तातडीने बघितलं असतं. तुमचा लेख वाचून ह्या आठवड्यात किती जण ऑपरेशनची तारीख घेतील, त्यांच्यासाठी पुढच्या रविवारी चार ओळी छापा, कृपा करून.

आणखी एक. निधनवार्ता तुम्ही हल्ली राखाडी पट्टीवर पांढऱ्या बारीक अक्षरात छापता. प्रेसमधल्या कुणाचं नाव आलंय का हे ह्यांना रोज ऐकायचं असतं. गेल्या आठवड्यात मी एक नाव चुकीचं वाचलं, ह्यांच्या खात्यातले जवळचे मित्र, तासभर हे डोकं धरून बसले होते. मुलाने मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिलं तर आडनाव वेगळं निघालं. पूर्वीसारखं पांढऱ्यावर काळं छापा.

एक वाचक,
जेलरोड, नाशिकरोड