बाबा, उद्या दादाबरोबर गाडीत बसा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शि. सा. नमस्कार.

दादा हे पत्र घेऊन येतोय, गाडीही आणतोय. उद्या पहाटे त्याच्याबरोबर पुण्याला निघायचं आहे. फोनवर सांगायला गेलं की बाबा "मला काय धाड भरलीय" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहून पाठवते आहे. आई, तू हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

परवा तू सहज बोलून गेलीस की यांच्या डाव्या पायातली चप्पल हल्ली चालताना निसटते, यांना पत्ताही नसतो आणि मागे राहिलेली चप्पल तू उचलून आणतेस. नवीन आणायला सांगितलीय म्हणालीस. मग एकेक निघत गेलं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. दुपारी आडवे झाले की दिवेलागणीपर्यंत उठत नाहीत. डोकं जड वाटतं म्हणून बाम चोळून घेतात. आणि मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की गौरी बसल्या त्या दिवशी गोठ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरला होता आणि डोकं चौकटीवर आपटलं होतं. टेंगूळसुद्धा आलं नाही म्हणून सोडून दिलंत. आता दसरा होऊन गेला.

मी डॉक्टर नाही. सीटी स्कॅनच्या मशीनवर काम करते, रिपोर्ट देणं माझं काम नाही. पण वयस्कर माणूस, महिन्याभरापूर्वीचं किरकोळ पडणं, एका बाजूचा पाय ओढणं आणि हृदयासाठी चालू असलेली रक्त पातळ ठेवायची गोळी, असा कागद हातात आला की आम्ही सगळेच जरा सावरून बसतो.

वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो. जुन्या नारळातला गोटा करवंटीपासून सुटून आत खुळखुळतो ना, तशी कवटी आणि मेंदू यांच्यात जागा होते. त्या जागेतून बारीक शिरा जातात, त्या ताणलेल्या असतात. धक्क्याने एखादी फाटली तर रक्त भसकन येत नाही, झिरपत राहतं. साठता साठता मेंदूवर दाब यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर माणूस जेवतो, गप्पा मारतो, बाजारात जाऊन येतो. पडल्याचं तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. याला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. बाबांना तेच झालंय असं मी म्हणत नाही. छोटा पॅरालिसिसचा झटका असेल, रक्तातलं मीठ कमी झालं असेल, साखर वरखाली होत असेल. पण मेंदूवर रक्त नाही, हे आधी बघून घ्यायला हवं.

बाबा, तुम्ही म्हणणार, पडलो तेव्हा माझा मी उठलो, हातपाय धुऊन चहा प्यालो. क्रिकेटर रमण लांबा आठवतो ना? 1998 साली ढाक्यात क्लबच्या सामन्यात तो हेल्मेट न घालता फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, उभा होता. मेहराब हुसेनने मारलेला चेंडू त्याच्या डोक्याला लागून यष्टिरक्षकाकडे उडाला. लांबा स्वतःच्या पायांनी ड्रेसिंग रूममध्ये गेला. नंतर प्रकृती ढासळली, ऑपरेशन झालं, आणि तीन दिवसांनी तो गेला. मार लागल्यानंतर माणूस बरा दिसतो, बोलतो, तो मधला काळ फार फसवा असतो. कवटीच्या हाडाखालची धमनी फाटली तर हा काळ काही तासांचा असतो. तुमच्या वयात, शिरेतून झिरपणाऱ्या रक्ताला तोच काळ आठवड्यांचा मिळतो.

आणि आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर. ही गोष्ट तर तुम्हीच आम्हाला शंभरदा सांगितलीत. 1962, बार्बाडोस, ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर, आणि रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल याच्याबरोबर आपल्या पुण्याचे चंदू बोर्डे. तुम्ही रक्तदानावर थांबता, मला त्या डॉक्टरांचा विचार येतो. तेव्हा डोक्याच्या आत सरळ बघता येईल असं यंत्रच जगात नव्हतं. एक्स-रेमध्ये कवटीची चीर दिसते, आत साठलेलं रक्त दिसत नाही. बाहुली मोठी झाली का, एक बाजू लुळी पडतेय का, गुंगी वाढतेय का, एवढ्यावर अंदाज बांधून कवटी उघडायची. हे चित्र पालटलं 1 ऑक्टोबर 1971 रोजी. लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्लीज हॉस्पिटलात त्या दिवशी माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन झाला. यंत्र बनवणारा गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हता बरं का, इंजिनियर होता. नोकरी ईएमआयमध्ये, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत! 1979 चं नोबेल मिळालं. आमच्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला जो आकडा असतो तो त्याच्याच नावाचा: पाणी शून्य, हवा उणे हजार. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे यंत्र आवडेल. मी आत नेऊन दाखवीन, पण आधी त्यात झोपायचं.

स्कॅनमध्ये काय बघतात तेही सांगते, म्हणजे आई, तुझं काम किती मोठं आहे ते तुला कळेल. ताजं रक्त पडद्यावर पांढरं दिसतं. धमनी फाटून हाडाखाली साठलेलं भिंगासारखं दोन्हीकडून फुगीर, मेंदूवर पसरलेलं चंद्रकोरीसारखं. ते कुणालाही दाखवता येतं. पण दोनतीन आठवडे गेले की त्याचा पांढरेपणा उतरतो आणि ते मेंदूच्याच राखाडी रंगात मिसळतं. आणखी दिवस गेले की काळपट होतं. त्या मधल्या दिवसांत नुसता रंग शोधणाऱ्याची नजर चुकू शकते. मग मेंदूच्या घड्या आतल्या अंगाला दाबल्यात का, मधली रेषा एका बाजूला सरकलीय का, हे बघावं लागतं. आणि ते बारकाईने कधी बघितलं जातं? आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर "पडले होते" एवढे दोन शब्द असले तर. फॉर्मवर नुसतं "अशक्तपणा" किंवा "चक्कर" आलं तर शोधाची दिशाच वेगळी होते. निदानाचा निम्मा भाग मशीनच्या खोलीबाहेर, नातेवाइकांच्या तोंडात असतो, असं मला इतकी वर्षं ते काम करून वाटतं.

म्हणून उद्या डॉक्टर विचारतील तेव्हा बाबांनी बोलायचं नाही. बाबा "काही नाही हो, जरा पाय घसरला" म्हणून मोकळे होतील. आई, तू सांगायचंस. पडले कधी, डोकं कुठे आपटलं, शुद्ध गेली होती का, पडल्याचं त्यांना स्वतःला आठवतं का, चप्पल केव्हापासून निसटते, बटणं, झोप, गोळ्या. "साहेबांना कशाला त्रास" असं म्हणून चपलेची गोष्ट गिळू नकोस. मला तरी तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

डॉक्टर आधी जीसीएस, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे याचे गुण, काढतील. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोघांनी 1974 मध्ये काढलेली मोजपट्टी आहे: डोळे उघडण्याचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6, एकूण 15 पैकी. कमीत कमी 3. आठ किंवा खाली म्हणजे गंभीर. बाबांचे पंधरापैकी पंधरा येतील आणि ते आपल्याकडे "बघ, पैकीच्या पैकी" अशा नजरेने बघतील. त्या गुणांवर जाऊ नका. हळूहळू झिरपणाऱ्या रक्तात पंधरा गुण मिळवणारी माणसं मी स्कॅनच्या टेबलावर पुष्कळ बघते. कॅनडाच्या डॉक्टरांनी 2001 मध्ये डोक्याच्या किरकोळ माराला स्कॅन कधी करायचा याचा एक नियम बांधला. मार लागून शुद्ध हरपली, आठवण गेली किंवा गोंधळ उडाला असेल, तर वय 65 किंवा पुढे असणं एवढं एक कारणही त्यात पुरेसं धरलंय. आणि रक्त पातळ करायची औषधं घेणारे रुग्ण त्या अभ्यासात धरलेच नव्हते, त्यांच्या बाबतीत डॉक्टर आणखी सावध असतात.

मानेचंही तपासतील. बटणं लागत नाहीत याचं कारण डोक्यात असेल किंवा मानेत. तुमच्या वयाला मानेचे मणके झिजलेले असतात, आतली नळी अरुंद झालेली असते. माणूस तोंडावर पडतो, हनुवटी आपटते, मान मागे झटकन जाते, आणि हाड कुठेही न मोडता आतला मज्जारज्जू चेपतो. मग गंमत अशी, की पाय बऱ्यापैकी चालतात आणि हात कामातून जातात. श्नायडर नावाच्या सर्जनने 1954 मध्ये हे नीट मांडलं, सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम म्हणतात. एक्स-रे बघून "फ्रॅक्चर नाही, घरी जा" सांगितलेले आजोबा काही दिवसांनी हातात भाकरीचा तुकडा धरता येत नाही म्हणून परत येतात. हाड सीटीत छान दिसतं, मज्जारज्जूसाठी मात्र एमआरआय लागतो. तेव्हा हाताला मुंग्या येतात का हे बाबांनी खरं सांगावं. डॉक्टर टाचणी आणि कापूस घेऊन हातापायांवर टोचून विचारतील, टोचलं की नुसतं टेकलं. गरज वाटली तर गुदद्वाराजवळही तपासतील. बाबा, तिथे लाजून "नको" म्हणू नका. मज्जारज्जूच्या दुखापतीत तिथली संवेदना किंवा आवळण्याची ताकद शिल्लक आहे की नाही यावरच दुखापत पुरी आहे की अर्धवट हे ठरतं.

जाता जाता एक, गावातल्या पोरांनाही सांगा. गंजीवरून, झाडावरून, गाडीवरून कुणी पडला तर दोघांनी काखेत आणि दोघांनी पायांना धरून जीपमध्ये टाकायचा नाही. आमच्याकडे टेबलावर घेताना एकजण डोक्याशी उभा राहतो, दोन्ही हातांनी डोकं आणि मान धरतो, आणि तो "एक, दोन, तीन" म्हणाला की बाकीचे तिघे खांदा, कंबर आणि पाय एकाच वेळी वळवतात. डोक्याशी उभ्या असलेल्याशिवाय कुणी हुकूम द्यायचा नाही. मोठे डॉक्टर आले तरी त्यांनीसुद्धा नाही. घरून आणणार असाल तर 108 ला फोन करा, ओढाताण करू नका.

आता तुम्हाला ज्याची धास्ती आहे त्या ऑपरेशनबद्दल. स्कॅनमध्ये रक्त दिसलंच, तर पुष्कळदा कवटीला एकदोन छोटी भोकं पाडून ते काढतात. इतक्या दिवसांत ते पातळ होऊन गेलेलं असतं, म्हणून भोकातून निघतं. थोडंच असेल तर नुसतं लक्ष ठेवून पुन्हा स्कॅन करतात. काहींना ते परत साठतं आणि परत काढावं लागतं, हेही लपवत नाही. पण वेळेत आलेली कितीतरी माणसं आली तेव्हापेक्षा बरी चालत घरी जातात.

रस्त्यात बाबा खूप झोपाळले, उलटी झाली, बोलणं अडखळलं किंवा झटके आले, तर पुण्याची वाट बघू नका. दादाला सांगितलंय, सीटी असलेला जो दवाखाना जवळ येईल तिथे गाडी वळवायची, मग माझी ओळख असो वा नसो.

आपली,
सुनी

ता. क. रक्त पातळ ठेवायच्या गोळीबद्दल आजच दादाकडून हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावून घ्या, आपल्या मनाने बंदही करू नका आणि घेऊही नका. गोळ्यांची सगळी पाकिटं, स्टेंटचं कार्ड, आधार आणि रेशनकार्ड पिशवीत टाका, एमआरआयच्या वेळी स्टेंटचं कार्ड मागतात. साध्या सीटीला उपाशी राहावं लागत नाही, पण आदल्या रात्री हलकंच जेवा. म्हशीची धार दोन दिवस शेजारच्या काकू काढतील, वहिनी त्यांच्याशी बोललीय.