माजघरातल्या तुळया विकू नका

अटलांटा

ती. बाबांना शि. सा. नमस्कार,

परवा तुम्ही म्हणालात, वाडा उतरवायचं नक्की झालं आणि लाकूड उक्तं देऊन टाकायचं. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

वाडा राहणार नाही हे मला पटलंय. एका बाजूची भिंत किती फुगलीय ते मीही पाहिलंय. पण लाकूड देऊ नका, बाबा.

आमच्या जॉर्जिया टेक विद्यापीठात केंडेडा नावाची इमारत आहे, 2019 मध्ये सुरू झालेली. तिच्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्या इथल्या सगळ्यात जुन्या इमारतीच्या, 1888 च्या टेक टॉवरच्या, तुळयांमधून कापून काढल्यात. परवा मी वाकून पायरीवरून हात फिरवला. वर्षावलयं इतकी दाट की नखानंही मोजता येईनात. मला एकदम माजघरातली ती मधली तुळई आठवली, जिच्या कडीला माझा पाळणा होता. छतालाही एक फळी नवी, एक जुनी अशा खिळ्यांनी जोडल्यात. जुन्या फळ्या सिनेमाच्या मोडलेल्या सेटवरच्या. स्वच्छतागृहातल्या फरशा म्हणजे दुसऱ्या एका इमारतीच्या छपरावरचे दगडी पत्रे.

पश्चिमेला भलीमोठी ओसरी आहे, वर सौर पॅनेलचं छप्पर. त्याच छपराची सावली, त्याचीच वीज, आणि त्यावरून वाहणारं पावसाचं पाणी तळघरातल्या टाकीत. टाकी जवळजवळ 1 लाख 90 हजार लिटरची! आजी पन्हाळीखाली पितळी हंडा लावायची, तेच हे. संडासात तर पाणी जवळपास लागतच नाही, खाली त्याचं खत होतं. उन्हाळ्यात इथे आपल्यापेक्षा जास्त घाम निघतो, तरी आत छताचे पंखे फिरतात आणि फरशीखालच्या नळ्यांतून गार पाणी खेळवतात. इमारत वापरते त्याच्या दुपटीहून जास्त वीज तयार करते. नुसत्या कागदावर नाही; वर्षभर मोजून पाहिलं आणि मगच 2021 मध्ये तिला पर्यावरणपूरक इमारतीचं प्रमाणपत्र दिलं.

आपल्याला सगळं जमणार नाही, खर्चही पेलणार नाही. पण नाशकात गोदावरीला पूर येऊन घाटावरचा दुतोंड्या मारुती बुडतो आणि मे महिन्यात आपण टँकरची वाट बघतो, हे मला सहन होत नाही. नव्या इमारतीच्या गच्चीचं पाणी चौकातल्या जुन्या हौदात सोडा. बिल्डरला सांगून तेवढा हौद बुजवू देऊ नका. आणि जिन्याच्या पायऱ्या आपल्या सागाच्याच करा.

रविवारी दादाला घेऊन तुळया मोजाल का? लांबी, जाडी आणि कुठे वाळवी लागलीय तेही लिहून पाठवा. वखारवाल्याला तोवर काही कबूल करू नका. लाकूड कापायची मजुरी मी इथून पाठवते.

आईला नमस्कार, चिंटूला गोड पापा.

तुमची,
मनू