बोटांतून निघणारा धागा

सोलापूर,
मंगळवार, रात्र

प्रिय शुभे,

सात महिन्यांत पत्र नाही, फोनही दोनदा तूच केलास. रागव, पण आधी हे वाच. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आजी कोण होती इथपासून सुरुवात करावी लागेल. गुडघा बरा आहे. आईची शुगर आहे तशीच.

कादंबरी संपली. म्हणजे परवापर्यंत संपलेली होती. किल्ल्याच्या खंदकाकाठी कांड्या भरणारी ती मुलगी आठवते ना, जिला अख्ख्या पेठेचे माग आपल्या हाताखाली हवे असतात? खंदकातली बाई तिच्या अंगात शिरते आणि एकेक मागवाला धोतऱ्यानं मरतो. धोतऱ्याचं वाचलं तेव्हा मी रात्रभर झोपले नव्हते. तोंड कोरडं पडतं, कातडी तापते, डोळ्यांच्या बाहुल्या पसरतात, माणूस पुटपुटत राहतो आणि बोटांच्या टोकांतून नसलेले धागे ओढत बसतो. हे मी रचलेलं नाही, विषवैद्यकाच्या पुस्तकांत आहे. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माझ्यासारखीला ते वाचून काय झालं असेल, तुला सांगायला नको. आणि बघणाऱ्याला वाटावं, याच्या अंगात आलंय!

एका दिवाळी अंकाच्या संपादकांना त्यातला भाग पाठवला. आवडला. अट एकच: हे सगळं त्या बाईनं करवलं, पोरगी बिचारी निर्दोष होती, असं शेवटी कळलं पाहिजे. मी हो म्हणाले, शुभे. आत्ता तुझ्या कपाळावर आठी आली असेल.

परवा आईनं वही वाचली. चष्मा काढून बराच वेळ बसली आणि म्हणाली, "या तर आत्या आहेत." मी म्हटलं, आजीनं कुणाला विष घातलं होतं? तर म्हणाली, "विष नाही गं. ते अंगात येणं." मग हळूच, कुणी ऐकेल या भीतीनं, "त्यांच्या अंगात काही येत नव्हतं. शेवटच्या दुखण्यात त्यांनीच मला सांगितलं."

तुला तो मंगळवार आठवतो? आपण दोघी दारामागे, आजीचे केस मोकळे, मळवट भरलेला, आणि तो जाड आवाज. तू पळालीस ती थेट कोपऱ्यावरच्या भज्यांच्या गाड्यापर्यंत, आणि भजी खाऊनच परत आलीस! मी थांबले होते. देवी म्हणाली, माग विकू नका, थोरलीला पुढं शिकवा. आजोबांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. बुधवारी सकाळी तीच आजी त्यांच्यासमोर पदर सावरून "चहा टाकू का" एवढंच बोलली. माग राहिले, ताई बी.एड. झाली. ते सगळं आजीला हवं होतं, तिचं तिला. आणि मी काय केलं? पुन्हा एकदा तिच्या पोरीचं हवंसं वाटणं उचलून खंदकातल्या बाईच्या नावावर करून टाकलं.

नववीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी होम मैदानावर तू विचारलं होतंस, ग्रामदैवत सिद्धरामांच्या योगदंडाशी जिचं लग्न लागतं आणि दुसऱ्या दिवशी जिच्या नावानं होम पेटतो, त्या कुंभारकन्येचं नाव काय? मी म्हटलं, तिनं हट्टानं देवाशी लग्न केलं, आता नावाचं काय घेऊन बसलीस. पंधरा दिवस तू माझ्याशी बोलली नव्हतीस. पुढे कॉलेजात 'मुद्राराक्षस' हे संस्कृत नाटक वाचतानाही तेच भांडण. नंदांच्या अमात्यानं, राक्षसानं, विषकन्या चंद्रगुप्तासाठी धाडली, चाणक्यानं ती पर्वतक राजाकडे वळवली, आणि तिला काय हवं होतं हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही, असं तू वर्गात उभं राहून म्हणालीस. मी तुला गप्प बस म्हटलं. ते शब्द मी परत घेते. उशीर झालाय, तरी घेते.

आईला भीती वेगळीच. भावकी वाचेल आणि म्हणेल, म्हातारीनं खरंच कुणाला तरी घातलं असणार. ही भीती मला खोटी म्हणता येत नाही. दोन रात्री तिनंच झोपू दिलं नाही. आजी उलटून काही सांगू शकत नाही. पण मुलीला निर्दोष केलं, तर आजीनं जे स्वतः केलं तेही तिचं राहत नाही. संपादकांना आज नाही म्हणून कळवलं. बाई राहील, खंदकही राहील. फक्त धोतऱ्याचं बी वाटलं जात असताना ती मुलीच्या अंगात नसेल, काठावर बसून बघत असेल.

तुझी बदली झाली का? पिंकीची दहावी कशी चाललीय? चटणीचा डबा पाठवते, शेंगदाण्याची, यंदा तिखट कमी.

आता काम. त्या मुलीला मी अजून नाव दिलेलं नाही. आजीचं द्यायचंय, लग्नाआधीचं. ते मला माहीत नाही, आईलाही नाही. लग्नात बदललं आणि मग कुणी घेतलंच नाही. तुझ्या आईचं माहेर आणि आजीचं माहेर एकाच गल्लीत ना? मावशींना विचार. आज रात्रीच विचार.

तुझी,
माई