कॅम्पसवर एकट्या पडलेल्या मताचं काय करायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांतल्या राजकीय वादाची बातमी आली की चर्चा दोन संघटनांपुरती राहते. ज्याच्या मागे कुठलीच संघटना नाही आणि ज्याचं मत अख्ख्या वर्गात दोघाचौघांनाच पटतं, तो विद्यार्थी त्यात कुठेच नसतो. मत उजवं की डावं हा मुद्दा नाही. एका आवारातलं बहुमत रस्त्यापलीकडच्या संस्थेत अल्पमत असतं. त्यात महाराष्ट्रात मोजणीही होत नाही. महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका 1990च्या दशकात थांबल्या, 2016च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं त्यांची पुन्हा तरतूद केली, तरी प्रत्यक्ष मतदान वर्षानुवर्षं रखडलं. मग ज्याचा आवाज मोठा त्यालाच बहुमत म्हणायचं.

अशा विद्यार्थ्याची पहिली कोंडी व्हॉट्सॲपवर होते. परीक्षेचा फॉर्म, सबमिशनची तारीख, प्रॅक्टिकलच्या बॅचेस हे सगळं ज्या ग्रुपवर येतं, त्याच ग्रुपवर रात्री टोमणे चालतात. वैतागून ग्रुप सोडला की तारीख हुकते आणि लेट फी भरावी लागते. म्हणून ग्रुप सोडू नये, म्यूट करावा आणि वर्गप्रतिनिधीकडे सूचनांचा वेगळा ग्रुप मागावा, ज्यात फक्त ॲडमिनला लिहिता येईल. मागताना राजकारण काढायची गरज नाही. ‘सूचना सापडत नाहीत’ एवढं कारण पुरतं, आणि ते खरंही असतं.

त्रास टोमण्यांपलीकडे गेला तर तक्रार करावी लागते, आणि बहुतेक तक्रारी तिथेच फसतात. ‘माझ्या विचारांमुळे मला लक्ष्य केलं जातं’ असं लिहिलं की समितीसमोर दोन्ही बाजूंची भाषणं होतात आणि सामंजस्यानं राहण्याचा सल्ला देऊन फाइल बंद होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) रॅगिंगविरोधी नियमांत 2016 साली धर्म, जात, भाषा, प्रांत, आर्थिक स्थिती अशा कारणांवरून होणारा छळ स्पष्टपणे आला. राजकीय मत त्या यादीत नाही. म्हणून तक्रार वर्तनाची लिहावी: कोण, कधी, कुठे, काय बोललं किंवा काय केलं, कोण हजर होतं. दार बाहेरून लावणं, सामान फेकणं, मेसमध्ये बसू न देणं, धमकीचा मेसेज पाठवणं. हे करणाऱ्याचं मत कुठलंही असो, ते गैरच ठरतं. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि नंबर दिसला पाहिजे, मूळ चॅट पुसू नये. तातडीचं असेल तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522 दिवसरात्र चालू असते.

बाकी बाबींसाठी यूजीसीच्या 2023च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. विद्यार्थ्याचा छळ आणि मूल्यमापनातला अन्याय हे दोन्ही तिच्या कक्षेत येतात. समितीनं शक्यतो 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठानं विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येतं. ही मुदत मोजायला पुरावा लागतो. तोंडी तक्रारीला तारीख नसते. अर्ज आवक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

सभागृह मागतानाही हेच करावं. दोन दिवस आधी अर्ज द्यायचा आणि नकार आला की मुस्कटदाबीची ओरड करायची, हा प्रकार आम्हाला मुळीच पटत नाही. निदान 15 दिवस आधी वक्ता, विषय, वेळ आणि अपेक्षित उपस्थिती लिहून अर्ज द्यावा. नकार असेल तर तो कारणासह लेखी मागावा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळ नकार ढिले पडतात.

गुणांची भीती मात्र बरीचशी अनाठायी असते. उत्तरपत्रिकेत अभ्यासक्रमातली भूमिका आधी नीट मांडावी, मग आक्षेप संदर्भासह घ्यावा. नुसता आक्षेप लिहिणाऱ्याचे गुण विषय न मांडल्यामुळे जातात, आणि राग शिक्षकाच्या मतावर निघतो. खरोखर शंका असेल तर छायाप्रत मागावी. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. पुनर्मूल्यांकनाची मुदत फार लवकर संपते, त्यामुळे निकालासोबतची सूचना त्याच दिवशी वाचावी.

राहिला प्रत्यक्ष वाद. दहा जणांसमोर कुणी मत बदलत नाही, कारण तिथे हार दिसते. दोघांत, चहावर बोलावं. आधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावं, मग आपलं. रूममेटशी रात्री अकरानंतर हा विषय नकोच, दोघांनाही उठून जायला जागा नसते. टिळकांशी मतभेद होऊन आगरकरांनी 1887 मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला, तरी 1890 पर्यंत ते आणि टिळक एकाच डेक्कन एज्युकेशन सोसायटीत होते. टिळक बाहेर पडले त्यातही आजीव सदस्यांच्या, म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकांच्या, बाहेरच्या कमाईचा वाद होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना. वर्गात चर्चा घेताना हात वर करायला सांगू नका, तेच चार हात वर येतात. आधी पाच मिनिटं प्रत्येकाकडून बिननावाच्या चिठ्ठीवर मुद्दा लिहून घ्या आणि त्यातल्या चिठ्ठ्या स्वतः वाचून चर्चा सुरू करा. हस्ताक्षर ओळखू येईल म्हणून चिठ्ठ्या वर्गात फिरवू नका.

आपले,
तक्रार निवारणाच्या कामातले दोन शिक्षक, पुणे
(नावं छापू नयेत, ही विनंती.)